एक पै, एक तास

बोरजाईच्या वाडीत विहीर एक
आणि तिचे मालक एक्केचाळीस.
सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नावं दाटीवाटीनं बसलीत,
लग्नाच्या टेम्पोत बसावीत तशी.
काही मेलीत, तरी उतरलेली नाहीत.

खणली तेव्हा घरं चारच होती:
भिंताडे, झेंडे, खेनट
आणि खेनटांकडं घरजावई आलेला एक यादव.
चार-चार आणे पाणी वाटून घेतलं,
आठ दिवसांची पाळी बांधली,
बोरजाईपुढं बेलभंडार उचलला.

पुढं आण्यांना पोरं झाली.
चार आण्यांचे दोन-दोन,
दोन आण्यांत तीन भाऊ, आठ-आठ पै.
आठांतले चार सोनूबाईनं मागितले.
दिले.
त्या दिवाळीला तिला आणायला कुणी गेलं नाही.

आठ दिवसांचे तास एकशे ब्याण्णव.
सोळा आण्यांच्या पै एकशे ब्याण्णव.
एक पै, एक तास.
हे मला शाळेत नाही कळलं,
काठावर लाइटची वाट बघत बसलो असताना कळलं.
गेनू झेंड्याचे चार तास रात्री दोनला लागायचे
आणि लाइट जायची दीडला.
त्याचा वाटाणा चार वर्षं कागदावरच भिजला.

आमचं नाव त्यात नाही.
आमचं घर ओढ्याच्या पल्याड.
लिंबाजी, माझा आजा, मोटा शिवायचा.
बाभळीच्या सालीत कातडं मुरवायचा, आरीनं भोकं पाडायचा,
वादीचा टाका असा आवळायचा
की थारोळ्यात ओतेपर्यंत थेंब गळू नये.
त्याची मोट दिवसातून दोनशे वेळा विहिरीत बुडायची.
तिचा विटाळ नव्हता.
आजीची घागर मात्र पाटाच्या शेवटाला,
भिंताड्यांची गुरं पिऊन झाल्यावर.

वर्षाला चार पायल्या बाजरी मिळायची.
त्याला पाळी नव्हती,
खळं उरकलं की जाऊन उभं राहायचं.

मग सासवडवरून बैलगाडीत ऑइल इंजिन आलं.
नारळ फुटला, धूर निघाला,
वाडी हसली, लहान पोरं रडली.
धावेवर गवत उगवलं.
आजा त्या दिवशीही आरीला धार लावत बसला होता,
असं वडील सांगायचे.
वडील मग हडपसरला गेले,
तांब्याची तार गुंडाळायला शिकले.
कातडं काय, तार काय,
हात तोच, आवळणं तेच.

मोटार जळली तेव्हा पहिल्यांदा विहिरीत मी उतरलो,
एकोणीस वर्षांचा, कमरेला दोर.
दोर वर एका खेनटानं, एका यादवानं धरलेला.
कुणी काही बोललं नाही.
आजीनं ओढ्यापल्याडून बघितलं
आणि घरात निघून गेली.
खाली गार होतं. पारव्यांची पिसं.
गाळात पाय रुतला, तो लोखंडी कड्यावर.
मोटेच्या तोंडाचं कडं.
त्या दुष्काळात मी ते वर आणलं,
आज घरी त्यात पाण्याचा माठ बसतो.

परवा पुण्याहून एक वकील आला, पांढऱ्या गाडीतून.
कुणाला फार्महाऊस बांधायचंय, विहिरीसकट.
एक्केचाळीस सह्या हव्यात.
कोथरूडचे आले, भोसरीचे आले,
सोनूबाईचा नातू व्हिडिओ कॉलवर आला
आणि म्हणाला, ही विहीर आहे कुठं?
भिंताड्यांचा थोरला सही करताना
पेन झटकत राहिला, शाई होती तरी.

वकिलानं विचारलं, खोल किती?
एक्केचाळीस जण एकमेकांकडं बघू लागले.
मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.
तुम्ही कोण?
मोटारवाला, म्हटलं. सात परस.
त्यानं लिहून घेतलं.

पूर्वेच्या अंगाला, चौथ्या टप्प्याखाली,
हात कोपरापर्यंत जाईल अशी एक कपार आहे.
झरा तिथं आहे, चैतातसुद्धा.
ते कुणी विचारलं नाही.
मी पान्हे गोळा केले, सायकलला पिशवी अडकवली,
ओढा ओलांडला.