शनिवार ते शनिवार

फाटकावरच्या मुलीच्या कानात मोती.
आमच्या गाडीचा पोचा न बघितल्यासारखं करून
तिने काचेवर केशरी कागद चिकटवला:
शनिवार ते शनिवार.

घर डॉक्टरीणबाईंचं. त्यांच्या दवाखान्यात
अठरा वर्षं मी लोकांचे दात साफ करते.
म्हणाल्या, एक आठवडा रिकामा आहे, जा तुम्ही दोघं.
ओहायोहून चौदा तास.
वर्नन दर पेट्रोलपंपावर विचारी,
"चादरी आपण आणायच्या होत्या का गं?"

इथे घरांना आकडे नाहीत, नावं आहेत.
एक 'अखेर एकदाचं'. शेजारचं 'बोनस'.
रंग सगळ्यांचा एकच, ओल्या वाळूचा;
दुसरा हवा तर समितीला विचारायचं.
रात्री बाहेरचे दिवे बंद, कासवांसाठी.
हा नियम मला आवडला.

पहाटे, कुणी उठायच्या आत,
तीन माणसं किनाऱ्यावरचं शेवाळ गोळा करून नेतात.
समुद्रालाही पसारा मांडायची मुभा नाही.

दुकानात टोमॅटोची किंमत वाचली
आणि तो जागेवर ठेवला, हलकेच, अंडं ठेवावं तसा.

बुधवारी दूध घेऊन परतलो तर
फाटकाशी पुढे एक निळी गाडी.
आत एक काळी म्हातारी, चर्चची टोपी घातलेली,
मांडीवर कॉफीच्या डब्यात झिनियाची फुलं.
नाव सांगितलं: ओडेसा चिझम.
मुलीने यादी पाहिली. पुन्हा पाहिली.
"घर कुठलं?"
"घर नाही गं बाळ. गोल्फच्या सतराव्या खळग्यामागे,
ओकखाली. आई आहे माझी. तिची आई. धाकटा भाऊ."

तिला पांढरा कागद मिळाला: आज, पाचपर्यंत.

आमचा केशरी रंग बघून मुलीने
नुसता हात हलवला. जा, जा.

वर्नन काही बोलला नाही.
दूध फ्रिजमध्ये ठेवायचं राहिलं, नासलं.
पाच वाजता मी व्हरांड्यात होते.
घड्याळ बघायचं नाही म्हणत बघितलंच.

शनिवारी ओटा पुसला, चादरी धुऊन घड्या केल्या,
डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहिली: फार छान वाटलं.
खोटं नव्हतं ते.
कागद मात्र काचेवरून निघेना.
केंटकी येईपर्यंत मी नखाने खरवडत होते.
एक कोपरा अजून आहे.
ऊन पडलं की डॅशबोर्डवर
केशरी ठिपका हलतो.