उचलता येईल अशी जमीन

सुव्रता पुण्याहून फोटो पाठवत राहते:
राखाडी सोफा, मधाच्या रंगाची लाकडी जमीन,
कोपऱ्यात एकच खुर्ची, फिरोजी.
"आई, हा रंग सगळीकडे नाही लावायचा.
भाजीत मीठ घालतेस तेवढाच."

भूपाल चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात,
"गावभागात? तळमजल्यावर? लाकूड?
नदी काय विचारून येत्या?"
आणि सवयीनं त्यांचं बोट जातं
स्विचबोर्डाच्या वीतभर वरच्या रेघेकडे,
जी तीनदा पुट्टी, दोनदा रंग देऊनही
उन्हं कलली की दिसतेच.

मी काही बोलले नाही.
एकोणतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजल्या,
पायाखाली गार कोटा, टाचांना भेगा.
एकदा तरी अनवाणी चालताना वाटावं
की जमीन आपल्याला ओळखते.

मिरजेहून दस्तगीर आला.
आधी सतारीच्या तबल्या घासायचा,
आता किचनच्या ट्रॉल्या करतो.
फळ्या त्यानंच शोधल्या,
हळदीचं एक जुनं गोदाम पाडत होते,
त्याच्या माळ्याचं सागवान.
रंधा फिरला तशी पिवळी भुकटी उडाली:
त्याच्या भुवया, माझी साडी, भूपालांचा चहा,
सगळं घर हळदीला बसल्यासारखं.

प्रत्येक फळी तो पेरानं वाजवून बघे,
कान लावे.
"ही बद्द बोलते, सोफ्याखाली घालूया.
ही मोकळी आहे. ही दारात."

चिकटवू नकोस, मी म्हटलं.
स्क्रूनं बसव. आणि पालथ्या बाजूला आकडे घाल.
त्यानं वर पाहिलं. जास्त सांगावं लागलं नाही.
"आयर्विनला पस्तीस फूट झालं की सुरू करायचं.
दोन माणसं, दोन तास.
चाळीसच्या आत सगळं माडीवर."

राहिली भोकं.
सदतीस फळ्या, दोनशे शहाण्णव स्क्रू,
गोऱ्या गालावर देवीचे व्रण तशी.
त्यानं नखाएवढ्या लाकडी टिकल्या कातल्या,
रात्री परातीत मांडून मी त्या रंगवायला घेतल्या.
पहिला डबा मोरपिशी निघाला, परत केला.
दुसरा आकाशी.
दुकानदार वैतागला, "मॅडम, निळाच की हो त्यो!"

निळा नव्हे. हिरवाही नव्हे.
हरिपूरला, जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमारास
वारणा कृष्णेला भेटते तिथं
दोन पाण्यांच्या मध्ये एक पट्टा असतो,
तो हिचाही नसतो, तिचाही नसतो.
तो.

चौथ्या डब्यात सापडला.

आता येणारे जाणारे वाकून बघतात,
"काय नक्षी आहे! कुणाचं डिझाइन?"
भूपाल घसा खाकरतात
आणि नदीचं, म्हणून सांगायचं टाळतात.
टीव्हीखालच्या खणात दोन पेचकस आहेत,
एक त्यांचा, एक माझा,
आणि दस्तगीरच्या अक्षरातला कागद:
कुठली आधी, कुठली नंतर.

सुव्रतानं ती खुर्चीही पाठवली.
पडदे मात्र मी साधेच ठेवले, मांजरपाटाचे.
भिंतीवरच्या रेघेला यंदा पुट्टी लावली नाही,
खुर्ची बरोबर तिच्याखाली बसते.

जुलै. फोनवर आकडा येतो,
एकवीस फूट आठ इंच.
भूपाल वाचतात, फोन उपडा ठेवतात,
चपला दाराबाहेर काढून आत येतात.
सदतीसावी फळी, ती मोकळी,
त्यांच्या पावलाखाली बोलते.
मी आतून, बघितल्याशिवाय,
चहाचं आधण ठेवते.