कुसय

सावद्याच्या बाजारपट्टीत ळ फार टिकत नाही.
केळी केयी होते, डोळा डोया,
आणि दगडावर घासल्यावर वस्तऱ्याच्या धारेला
केसाहून बारीक जे काही लोंबत राहतं
त्याला लोटन आबा म्हणायचे, कुसय.

मला ते दिसायचं नाही.
मला दिसायची चकचकीत धार,
कागद सर्रकन कापणारी. मी उठायचो.
आबा त्यांच्या पारोळ्याकडच्या बोलीत म्हणायचे,
"बस. धार लागनी. वस्तरा नही व्हयना अजून."

मग कापूस. शेतातला,
सरकी बोटांनी काढलेला.
पात्याच्या पाठीकडून धारेकडे ते तो अलगद ओढायचे.
एखादा तंतू मागे राहिला
तर बोट न लावता हनुवटीनेच दाखवायचे,
तिथे बघ.

दाबलं की ते जात नाही,
कुसळ कूस बदलतं.
या अंगाचं त्या अंगाला जाऊन झोपतं.
हात हलका कर. अजून.
पात्याच्या स्वतःच्या वजनाएवढा.
एकदा इकडून, एकदा तिकडून,
आणि मोजत बसू नको, मोजलं की हात जड होतो.
शेवटी खिडकीच्या गजाला बांधलेला पट्टा,
म्हशीच्या कातड्याचा,
पाठ पुढे, धार मागे,
वळायचं ते पाठीवर.

एका लग्नसराईत मी घाई केली.
बाकावर नवरदेवाचे चार भाऊ,
वस्तरा कागदावर पास.
धनराज नेहेतेच्या गालावर तिसऱ्या हाताला
काहीतरी तुटलं, मला ते बोटात कळलं.
रक्त म्हणावं असं नव्हतं.
फेसात गुलाबी टिंबांची एक ओळ.
आबांनी तुरटी फिरवली, पैसे घेतले नाहीत,
मला एक शब्द बोलले नाहीत.
रात्री शटर अर्धं ओढून
त्याच खुर्चीत बसले, मान मागे टाकली,
म्हणाले, "त्याच वस्तऱ्यानं कर."
डोळे मिटलेले. गळ्याची गाठ वरखाली.
मी तासभर पट्ट्यावर होतो.
ते तसेच, मान मागे टाकून.

आता पाकिटातलं पातं मोडतो,
अर्धं लावतो, अर्धं ठेवतो.
गिऱ्हाईक ते डोळ्यांनी बघतं, त्याला बरं वाटतं.
दगड खणात आहे,
मधोमध आबांच्या हातांनी खोल झालेला.

परवा नशिबा तडवी आली, केळीच्या गोडाऊनमधून,
फण्या कापायची सुरी घेऊन.
शेठने मशीनवर धार लावून आणली म्हणे,
पहिल्या दहा फण्यांना लोणी,
मग चिंध्या करते.
"चीक ओघळतो, डाग पडतो, आणि पैसे माझे कापतात."

शेतातला कापूस कुठला आता.
दवाखान्याच्या पुडीतला घेतला.
पातंभर अडकला,
मार्गशीर्षात जिनिंगच्या रस्त्याला
बाभळींवर गाड्यांमधला कापूस अडकतो तसा.
ती वाकून बघत राहिली.
"हे होय," म्हणाली,
आणि सुरी माझ्या हातातून काढून घेतली.

दगडावर चार हात, तेही हलके, मी न सांगता.
पट्टा दिला तर नको म्हणाली.
कमरेला केळीचं वाळलं सोपट खोचलेलं होतं,
बोटाला गुंडाळायचं,
ते मांडीवर ताणलं आणि ओढत राहिली,
एकदा इकडून, एकदा तिकडून,
इतकी हळू, की ऐकायला मी पंखा बंद केला.
आधी खरखर होती.
मग कुणी शेजारी झोपलंय इतपत.
मग तेही नाही.

"गेलं बहुतेक."
"बहुतेक म्हणजे राहिलं," मी म्हणालो.
हसली. पुन्हा बसली.

खुर्चीत कुणीतरी फेस लावून थांबलं होतं,
दोनदा खाकरलं.
गालावर फेस वाळत चालला असावा.
आम्ही वर पाहिलं नाही.