कलेजीची रातपाळी

तीस वर्षं झाले, मी कलेजी कापतो.
गोळीबार चौकात, सकाळी सहाले,
पाटावर जांभळी, थंडगार, गुमान पडून असते.
जवस, धने, दगडफूल भाजून वाटलं
का तिच्यावर बोटभर तर्री चढते,
अन् गिऱ्हाईक घाम पुसत म्हनते,
हेडाऊबाई, अजून थोडी.

हिलेही काही काम असन
असं मले कधी वाटलंच नाही.

धंतोलीतल्या डॉक्टर फुलझेलेनं
रिपोर्ट उलटा केला, मागं पेनानं चित्र काढलं.
एकशे अठ्ठ्याहत्तर.
माया तर्रीनंच केलं न हे?
थो हासला. म्हने, थोडा गुन्हा तिचा,
बाकी माल घरचाच.
तुमी झोपता, तवा तुमची कलेजी
भट्टी पेटवते. कोलेस्टेरॉल बनवते.
लागते म्हनून बनवते,
पित्ताले, पेशीपेशीच्या भिंतीले.
अन् रक्तात सोडून देते.

मले वाटलं, गोळी नळ्या घासत असन,
चिंचेनं पितळ घासावं तशी.
नाही. गोळी सीधी भट्टीवर जाते.
तिथं जो कारागीर बसते
त्याच्या पाटावर त्याच्या आधी जाऊन बसते.
आमची जाऊ रुसली का
अशीच बसे चुलीपुढं,
न रांधे, न रांधू दे.

मग कलेजीले माल कमी पडते.
अन् पुढचं आयकून
मी ऑटोत चूप बसून होती घरापर्यंत:
ती आपल्या अंगावर जास्तीचे हात उगवते,
वाहत्या रक्तातून
स्वतःच वाटलेलं वापस ओढून घेते.

मी कवा घेतलं?
उधारीच्या तीन वह्या हाय गल्ल्याखाली.
बापाचा हातमाग दिराकडं गेला,
थो तिथंच सडला.
वाढलेलं वापस मागू नये, असंच आयकलं होतं.
कलेजी मागते.
तिले कोनी लाज शिकवली नाही.

तीन महिन्यांनी एकशे चार.
पोटऱ्या दुखल्या तर सांगजा, म्हने. सांगन.
तर्री आता अर्धा बोट, फक्त माया ताटात.
गिऱ्हाईकाची बोटभरच हाय,
त्यायचा डॉक्टर वेगळा.

रात्री साडेदहाले शटर पाडतो,
माठातल्या पान्यासंग गोळी घेतो,
अन् पाठ टेकली का वाटते,
आतमधी आता कोनीतरी पाट अडवला असन.

आज सकाळी पाटावर पुन्हा थेच,
जांभळं, थंडगार, बकऱ्याचं.
सुरी लावाच्या आधी
हात जरासा थांबला.
का वं,
रातपाळी होती का?