चौकटींचा कागद

उदगीर, चौबाऱ्यापासून तिसरं दुकान.
घुडूसाब चष्मेवाले.
चाळीस वर्षं काचा घासल्या त्यांनी
पायानं चाक फिरवून,
अन् आता त्यांच्याच डोळ्यात
मधोमध
जवारीच्या दाण्याएवढा अंधार.

लातूरच्या डॉक्टरनं एक कागद दिलाय,
चौकटीचौकटींचा, मध्ये ठिपका.
रोज एक डोळा झाकून बघायचा.
रेघा वाकल्या तर सांगायचं.

मी नांदेडहून लॅपटॉप घेऊन आलो होतो.
म्हटलं, चाचा, आपल्या आकाशगंगेच्या पोटात
चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं
न दिसणारं काहीतरी बसलंय.
जवळचे तारे त्याच्याभोवती पळतात,
एकाची फेरी सोळा वर्षांची.
त्यांचा उजेड
त्याच्या कडेनं येताना वळतो.
तारा मागं दडला तरी
दोन्ही बाजूंनी डोकावतो,
अगदी बरोब्बर मागं सापडला
तर त्याची बांगडीच होते.

त्यांनी ऐकलं. सदऱ्याच्या टोकानं
कुणाच्यातरी चष्म्याची काडी पुसली.
"कोणत्या नंबरचं भिंग?"
भिंग नाही चाचा. काचच नाही तिथं.
"मग उजेड वळवतंय कोण?"

मी ताणलेली चादर अन् लोखंडी गोळा
असं काहीतरी सुरू केलं, वर्गात सांगतात तसं.
तोवर त्यांनी खिशातून कागद काढला होता.
उजवा डोळा तळव्यानं झाकला,
ठिपक्याभोवती बोट फिरवलं, सावकाश,
जणू कागदाला तिथं खळगा होता.
"इथं ही रेघ वाकती.
ही बी.
पर छापणाऱ्यानं तर सरळच छापली असंल की.
लकीर सीधीच है रे.
जागा दबलीय."

लॅपटॉपचा पंखा तेवढा घरघरत राहिला.
एवढ्याच गोष्टीसाठी परीक्षेत मी
साडेतीन पानं लिहिली होती,
अन् दोन मार्क गेले होते.

शाळा सुटली.
तुटकी फ्रेम घेऊन एक पोरगी
पायरीवर येऊन उभी राहिली.
तिला बघायचं म्हणून
घुडूसाब शेजारच्या खांबाकडं बघू लागले,
मग जरा वर, गल्लीतल्या वायरींकडं,
मान तिरपी करत,
जिथून तिचा चेहरा
अंधाराच्या कडेनं
आत येईल.

वेळ लागला. ती थांबली.

"तांबोळ्याची शिरीन ना तू?
स्क्रू पडलाय नुसता.
दे इकडं."