सुताचा फरक

उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा होतो.
पंपाचे शाफ्ट, उसाच्या चरकाचे बुश;
दोन शतांश जास्त कातलं की जॉब भंगारात,
वर मालकाच्या शिव्या, त्या वेगळ्या.
आता पट्टा फिरतोय माझ्याच पायाखाली,
तोंडावर मास्क, छातीला दहा वायरी,
आणि माप दुसरंच कुणी काढतंय.

रेश्मा मुजावर तिचं नाव. माझ्या धाकटीएवढी पोर.
रोज सकाळी पहिलं काम काय करते,
तर तीन लिटरची भलीमोठी पिचकारी घेऊन
यंत्रालाच श्वास देते. आत, बाहेर. आत, बाहेर.
यंत्र तीन म्हणालं तरच पेशंटला हाक.
हे बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला.
आम्हीपण मास्टरला लावल्याशिवाय
मायक्रोमीटरवर कधी विश्वास ठेवला नाही.

"लीस्ट काउंट किती हो तुमच्या मशीनचं?"
ती हसली नाही. हे मला आवडलं.
म्हणाली, "मामा, मशीनचं बारीक आहे,
माणसाचं नाही.
तोच माणूस आज चालवला, परवा चालवला,
तरी आकडा थोडा हलतो."

बायपासनंतरच्या पहिल्या खेपेला
साडेपाच मिनिटांतच हात वर केला होता मी.
चौदा पूर्णांक सहा.
म्हणजे किलोमागे मिनिटाला इतका मिलिलिटर प्राणवायू,
तिनं समजावलं. मला एवढंच कळलं
की भट्टी आहे, भाता दमलाय.

मग बारा आठवडे.
सोमवार, बुधवार, शुक्रवार इथली सायकल,
बाकीचे दिवस सागरमाळावर पहाटेचं चालणं,
मनगटावर बोट, भडंग बंद,
आणि कट्ट्यावरची मंडळी, "काय जिनपाल,
या वयात मैदान मारायचंय व्हय?"

आज परत तीच वेळ, सकाळी दहा.
तेच बूट. गोळ्या त्याच, त्याच वेळेला घेतलेल्या.
मास्कचा नंबरसुद्धा तिनं वहीत बघून काढला.
एका गोष्टीतला बदल बघायचा
तर बाकीच्या हलू द्यायच्या नाहीत;
मला हे लेथनं शिकवलं,
हिला कुणी शिकवलं कोण जाणे.
पट्ट्याला चढ लागला.
सहा मिनिटं. सात. कानात पॉवर हॅमर.
आठ झाल्यावर खूण केली.

सतरा पूर्णांक एक.
"हे नुसतं हलणं नाही," रेश्मा म्हणाली,
"हे तुमचं आहे."

माझ्यामागून आक्काताई भोपळे,
कपिलतीर्थ मंडईत मेथी-कोथिंबीर घेऊन बसते.
आधी अकरा आठ. आज बारा.
रेश्मा बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.
"आक्का, एवढा फरक
यंत्र नुसतं शिंकलं तरी पडतो.
वाढलं असं मला लिहिता येणार नाही."

आक्काताईनं पदरानं गालावरचे मास्कचे वळ पुसले.
"मग गेल्या मंगळवारी टेंबलाईच्या पायऱ्या
कुणाच्या पायानं चढले ग मी?
वरीसभर खालूनच हात जोडत होते."

खोलीत नुसता पंख्याचा आवाज.
मला एक शाफ्ट आठवला.
गेजमध्ये बसेना म्हणून बाजूला टाकलेला,
कुणीतरी गुपचूप पन्हाळ्याकडच्या एका विहिरीवर बसवला.
अजून पाणी ओढतोय म्हणे.
उलटंही झालंय. मापात चोख,
आणि आठवड्यात दोन तुकडे.
म्हणून गेज कुणी फेकून दिलं नाही.

रेश्मानं आकडा तसाच ठेवला. बारा.
खाली शेऱ्याची एक रिकामी ओळ असते,
तिथं पेन टेकवून विचारलं,
"सगळ्या पायऱ्या? न थांबता?"
"एकदा थांबले," आक्काताई म्हणाली,
"चप्पल निसटली म्हणून."

तिनं तेही लिहिलं.