रविवारी गिरणी बंद

सोडतीत मला आजवर कोंबडीसुद्धा लागली नाही
आणि यंदा नाव निघालं.
जन्माचा महिना, आडनावाचं अक्षर, एवढ्यावर.
यादिरा नावाची पोरगी कागद घेऊन दारात उभी:
एउलालिया तेपोश तुम्हीच ना?
मतदान केंद्रावर नेमणूक आहे, मोजणीला.
म्हटलं, बाई, रविवारी गावाला पीठ कोण देणार?
तिनं नुसतं पेन पुढं केलं.

शिकवणी शाळेत. पहिलीच्या बाकांवर
आमचे गुडघे हनुवटीला टेकलेले.
यादिरानं राज्यघटना उघडून बोट ठेवलं:
पस्तिसावं कलम. मत देणं हा हक्क.
बोट जरा खाली सरकलं:
छत्तिसावं. मत देणं हे कर्तव्य.
मागून कुणी विचारलं, छापणाऱ्याची चूक का?
सगळे हसले. मीही.
पण घरी जाताना डोक्यात तेच दळण.

माझ्या गिरणीत दोन दगड आहेत.
एक फिरतो, एक जागचा हलत नाही.
यातला कुठला कोण, ते मला विचारू नका.
मका भरडायला दोन्ही लागतात, एवढं कळतं.

शनिवारी रात्री पाटी लावली: उद्या बंद.
सकाळी तिच्याखाली खडूनं लिहिलेलं:
आम्ही खायचं काय?

अध्यक्ष म्हणून बसलेला शिंपी भलता लाजाळू.
फाटकाशी टोपीवाला एक जण पाव वाटत होता,
त्याला मीच हाकललं.
रेफूखिओ म्हातारीनं पडद्याआड इतका वेळ लावला
की आम्हाला वाटलं, झोपली.
बाहेर येऊन म्हणाली, चौघांचीही नावं वाचली,
इतक्या लांबून आलेय, घाई कशाला?

सव्वापाचला फिदेन्सिओ आला. कार्ड नाही.
बाप्तिस्म्याला माझ्याच हातात दिलेला पोरगा.
"माद्रीना, मला ओळखत नाहीस?"
ओळखते. पाठीवरचा तीळसुद्धा ओळखते.
पण यादीत तीळ नसतो, बाळा. कार्ड आण.
त्याचं घर तीन ओढे ओलांडून.
बरोबर सहाला रांग संपली होती. दार मी लावलं.
सहा वाजून सहा मिनिटांनी थाप पडली.

शिंप्यानं माझ्याकडे पाहिलं.
सहाच्या आत रांगेत असता तर चाललं असतं. तो ओढ्यात होता.
दाराबाहेर त्याचा हक्क धापा टाकत होता
आणि आत मी कडी धरून उभी,
हात पिठाचा असावा तसा पांढरा पडलेला.

मग मोजणी.
एका कागदावर कुठलीच खूण नव्हती,
चारही चौकोनांवरून आडवं लिहिलेलं: पाणी कधी?
मी तो उंच धरला, सगळ्यांना दाखवला,
बाद मतांत ठेवला.
ठेवण्याआधी पुन्हा एकदा वाचला.
माझा माणूस अकरा मतांनी हरला.
आकडा मलाच मोठ्यानं सांगावा लागला.

निकालाच्या मोठ्या कागदाला आमच्याकडे चादर म्हणतात.
चुन्याच्या भिंतीवर चिकटपट्टी धरेना.
मध्यरात्री गिरणी उघडली, मूठभर ओला मका-लगदा आणला
आणि गावाचा निकाल पिठानं डकवला.

पहाटे पाचला पट्टा सुरू.
रांगेत पहिली बादली फिदेन्सिओच्या आईची.
राम राम नाही, काही नाही.
मीही बोलले नाही. रोजच्याइतकंच बारीक दळलं,
अंगठ्यानं लगदा चोळून पाहिला,
अंगठ्यावरची शाई काळी ती काळीच.
तिनं नाणी मोजून ठेवली. एक जास्त होतं,
ते मी परत केलं.

दुपारी शाळेवरून जाताना पाहिलं:
कोंबड्यांनी चादरीची खालची खळ टिपून खाल्लेली,
कागद वाऱ्यावर फडफडतोय,
आणि फिदेन्सिओ एका हातानं त्याचा कोपरा
भिंतीला दाबून उभा.
आकडे वाचत होता, की नुसता धरून होता,
मागून कळलं नाही.
मी हाक मारली नाही.
घरून थोडं पीठ घेऊन आले.